माळावर न चढणारं पाणी

आईचा हात हापशावर मोडला तेव्हा मी अंबाजोगाईला होते. हापशाच्या ओट्यावर शेवाळ साचलं होतं. पाय सरकला आणि ती भरल्या घागरीसकट मनगटावर पडली. चुलतीचा फोन आला तशी मी रूमवरच्या मुलींना सांगून दुपारच्या एसटीने निघाले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली होती, पण लगेच परत येऊ असं मला वाटलं होतं.

घरी गेल्यावर कळलं, की हाताचं फार अवघड नव्हतं. प्लास्टर झालं होतं. अवघड होतं ते पाण्याचं. वडील मेंढरं घेऊन गेवराईच्या पुढे गोदाकाठाला गेलेले, ते पावसाळ्यापर्यंत यायचे नव्हते. मोठी बहीण सासरी. चुलती तिच्या घागरींबरोबर आमच्याही एक-दोन आणून द्यायची, पण तिला तिची लेकरं होती, शेरडं होती. रोजचं पाणी कोणीतरी आणायला हवं होतं, आणि घरात ते कोणीतरी म्हणजे मीच होते. जेवताना आईने हळूच विचारलं, परीक्षा पुढच्या वर्षी देता येत नाही का. विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वस्तीवरच्या ज्या ज्या मुलीचं कॉलेज थोड्या दिवसांसाठी म्हणून सुटलं, तिचं ते कायमचंच सुटलं होतं. मला ते नको होतं.

आणि हे सगळं चाललं होतं ते दारात नळ असताना.

नळ सरकारी पाणीयोजनेतला होता. सिमेंटचा छोटा खांब, त्यातून वर आलेला पाइप, वर पिवळी तोटी. काही वर्षांपूर्वी बसवला त्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने आईला शेजारी उभं करून फोटो काढला होता. त्यानंतर त्या तोटीतून एक थेंब आला नव्हता. आम्ही तिला शेळीचं दावं अडकवायचो. वस्तीवरच्या सगळ्याच नळांचं तसं होतं. गावात पाणी सोडायला एक काका आहेत. मारुतीच्या पाराजवळचा व्हॉल्व्ह ते फिरवतात. त्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, माळावर पाणी चढत नाही. आमच्या वस्तीला गावात माळच म्हणतात. पाण्याच्या दिवशी मारुतीपर्यंत सगळ्यांचे नळ यायचे आणि तिथून पुढे कोरडे.

खरं सांगायचं तर आम्हीही ते मानलं होतं. हापसा गावाच्या बाजूला आहे. तिथून घागर घेऊन निघालं की आधी ओढ्यात उतरावं लागतं आणि मग वस्तीकडे चढावं लागतं. ती चढण सगळ्या बायकांच्या गुडघ्यांना माहीत होती. त्यामुळे आपण उंचावर राहतो याबद्दल कोणाला शंका आली नाही. मलाही नाही.

पण यावेळी मला गप्प बसवेना. अंबाजोगाईला आमच्या रूमचा नळ सारखा गळायचा. मालकीणबाई म्हणायच्या, खेड्यातल्या पोरींना नळ बंद करायचं वळण नाही. त्या रागात मी पाना विकत आणला होता. पहिल्यांदा वरचा कॉक बंद न करता तोटी उघडली आणि खोलीभर पाणी केलं. मग तोटीतलं रबरी वायसर बदललं. तरी गळायचं. पुन्हा बदललं. शेवटी टॉर्च लावून बघितलं तेव्हा कळलं, की वायसर जिथे बसतं ती आतली कडाच झिजली आहे आणि मी उगाच चांगली वायसरं फेकत होते. त्यातून मी एवढंच शिकले, की काय बिघडलंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून ठरवायचं नाही. पाणी कुठपर्यंत येतं आणि कुठून पुढे येत नाही, ते स्वतः बघत मागे मागे जायचं.

म्हणून मी आधी माळ किती उंच आहे तेच बघायचं ठरवलं.

चुलतीच्या घरकुलाचं बांधकाम चालू होतं. मिस्त्रीकडे लेव्हल पाइप होता, म्हणजे पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरायचं. मधली नळी कितीही खाली लोंबू दे, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. मिस्त्री जेवायला निघाला तेव्हा मी ती त्याच्याकडून मागून घेतली. एक टोक चुलतीने धरलं, एक मी. मारुतीजवळच्या शेवटच्या चालू नळाच्या तोटीपासून सुरुवात केली आणि कोळशाने दगडांवर, विजेच्या खांबांवर खुणा करत ओढा ओलांडून वस्तीकडे आलो. हापशावरच्या बायका बघत होत्या. एकीने विचारलं, तुमच्या कॉलेजात पाइप धरायलाच शिकवतात काय गं. मला लाज वाटत होती, पण मी टोक सोडलं नाही.

पहिल्यांदा हिशेब उलटा आला. माझा अंगठा नळीच्या तोंडावर राहिला होता, त्यामुळे पाणी अडलं होतं. तेव्हा पुन्हा मागे गेलो आणि पहिल्यापासून केलं. चुलती कुरकुरली, पण आली. आमच्या दारापाशी पोहोचलो तेव्हा खूण, म्हणजे मारुतीजवळच्या तोटीची उंची, आमच्या तोटीच्या वर आली, चांगली वीतभर.

चुलतीने तिथेच खाली बसून विचारलं, "म्हंजी आपुन खाली हावोत?"

"वीतभर खाली हावोत, काकी."

"मंग पाणी कावून येईना?"

मी तोटी काढली आणि पाइपात तांब्याभर पाणी ओतलं. ते आत जाऊन तुंबून राहिलं. म्हणजे पाइप कुठेतरी बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळापासून रस्त्याकडे माती काढायला लागले. काळा पाइप जिथे रस्त्याच्या कडेला मोठ्या लाइनीला जोडला होता, तिथला सांधा सोडवला आणि पाइपाला तोंड लावून फुंकलं. फुंकर सरळ नळापर्यंत गेली, आई तिकडून हात लावून उभी होती, तिने सांगितलं. पाइप साफ होता. अडचण त्याच्याही मागे होती.

आता राहिलं होतं सॅडल. मोठ्या लाइनीला मिठी मारून बसवलेला पट्टा असतो, त्याला सॅडल म्हणतात. लाइनीला वरून छिद्र पाडायचं, त्यावर हा पट्टा बसवायचा आणि त्यातून घराचं कनेक्शन काढायचं. त्या दिवशी पाणी सुटायचं नव्हतं, तरी मी एकेक बोल्ट जपून सोडवला. लाइन फुटली तर सगळं गाव अंगावर येईल याची भीती होती. पट्टा सुटला. खालची लाइन मी ओढणीने पुसली.

छिद्र नव्हतं.

पाइप अख्खा होता. त्यावरची कंपनीची छापील अक्षरंसुद्धा खरवडली गेली नव्हती. नळ होता, खांब होता, पाइप होता, सॅडल होतं, फोटो होता. फक्त छिद्र कोणी पाडलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत आईने किती घागरी त्या ओढ्यातून वर आणल्या असतील, ते डोक्यात येत राहिलं आणि मला रडू येण्याऐवजी संताप आला.

बातमी गावात कोणी नेली माहीत नाही. पाणी सोडणारे काका आले, मागून मोटारसायकलवर उपसरपंच आले. त्यांना सगळे दादा म्हणतात. दादांनी खड्ड्यात बघितलं, मग काकांकडे.

"तू काय झोपलातास का बे?" ते काकांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कुणाला इचारून रस्ता उकरलास? सरकारी लाइन हाय ती."

मी म्हणाले, "सरकारी हाय म्हणूनच उकरली, दादा. आमच्या नळाला छिद्रच न्हाई. पाणी कशातून चढावं?"

काकांनी मान खाली घातली. ते म्हणाले, कनेक्शनं ठेकेदाराच्या पोरांनी जोडली, आपण फक्त व्हॉल्व्ह फिरवतो, पाणी येत नाही म्हणल्यावर चढत नसंल असं वाटलं. ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. दादांचा सूर मग मऊ झाला. आत्ता माती लोटून घ्या, ते म्हणाले, बैठकीत विषय घेऊ, रीतसर माणूस पाठवू. खड्डा उघडा राहिला तर ढोरं पडतील, बोभाटा होईल.

बोभाटा हा शब्द त्यांनी उच्चारला आणि मला समजलं, की माती लोटली की विषय संपला. बैठक कधी होणार, माणूस कधी येणार, आणि तोवर हापशाला कोण जाणार, हे मला कोणी सांगत नव्हतं. मी खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसले. दादा म्हणाले, शिकलेली पोरगी अशी वागते का. मी म्हणाले, ढोरं पडू नयेत म्हणूनच बसलेय.

चुलती हसली. पदर खोचून ती तिच्या दाराकडे गेली आणि कुदळ घेऊन तिच्या नळासमोर उकरायला लागली. थोड्या वेळाने पलीकडच्या घरातली बाई आली, मग तिच्या शेजारची. कोणी घोषणा दिली नाही. प्रत्येकीने आपापल्या दारापुढची माती काढायला घेतली. दादा मोटारसायकल चालू करून फोनवर बोलत निघून गेले. काका मात्र गेले नाहीत.

छिद्र पाडायला ड्रिल हवं होतं. मिस्त्रीकडे होतं, पण लाइट गेलेली. तेवढ्यात आईने घरातून हाक मारली. सकाळपासून ती मला म्हणत होती, बाई, झाकून टाक, आपल्याला या गावात राहायचंय. आता ती चुलीपुढे बसली होती. घरकुलाच्या सळईचा एक तुकडा तिने जाळात घातला होता आणि चांगल्या हाताने त्याचं दुसरं टोक ओल्या फडक्यात धरलं होतं. सळईचं टोक लाल झालं होतं.

"घे," ती म्हणाली. "गार व्हायच्या आत जा."

मी सळई घेऊन पळत आले. काका खड्ड्यात उतरले, एका हाताने लाइन धरली आणि कुठे टेकवायची ते बोटाने दाखवलं. जळक्या प्लास्टिकचा वास आला, धूर आला, आणि सळई आत गेली तशी चर्र आवाज होऊन वाफ आली. मी सळई ओढून घेतली. काकांनी वाकून छिद्रातून बघितलं. आत पाणी होतं. मागच्या वेळचं, लाइनीत साचून राहिलेलं. आमच्या दारापर्यंत ते दर वेळी येत होतं.

मग त्यांनी छिद्राची कड चाकूने साफ केली, रबर बसवलं, पट्टा आवळला. पुढच्या घराची सळई आईच्या चुलीतून चुलतीने आणली. संध्याकाळपर्यंत वस्तीवरची सगळी छिद्रं पाडून झाली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी पाणी सुटलं तेव्हा तोटी आधी नुसती फुसफुसली. मग लाल चिखल आला, मग गढूळ, मग स्वच्छ. फार जोराचं नव्हतं. घागर भरायला वेळ लागत होता. पण ती दारात भरत होती.

मी निघायच्या सकाळी दादांचा निरोप आला, की सरकारी लाइनीचं नुकसान केल्याबद्दल माफी लिहून दे, म्हणजे पुढे त्रास होणार नाही. निरोप आणणारा माणूस कोरा कागदही घेऊन आला होता. आईने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती म्हणेल, लिही आणि मिटव. तिने नळाखालची घागर काढून रिकामी कळशी लावली आणि त्या माणसाला सांगितलं, पोरीला गाडी गाठायची हाय, तुमी बी पाणी पिऊन जावा.

मी माफी लिहून दिली नाही. युसूफ वडगावला जाणारी जीप फाट्यावर थांबली होती, तिथून पुढे एसटी मिळते. मी बॅग उचलली आणि ओढ्याच्या वाटेने फाट्याकडे निघाले. परीक्षा परवावर होती.