अकोल्यात बोलणारा रेडिओ

बिघडलेल्या रेडिओनं मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो आपल्याकडे नीट चालणाऱ्या आणि दुसऱ्याकडे गेला की मुका होणाऱ्या रेडिओनं. बिघडलेल्याचं पोट उघडावं, जळलेला व्हॉल्व्ह काढावा, नवा बसवावा, झालं. पण जो टेबलावर ठेवला की खडखडीत बातम्या सांगतो आणि गावात पोचला की फक्त खरखरतो, त्याच्यापुढे माणूस हात टेकतो.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी अकोल्याच्या एका दुरुस्तीशाळेत मेकॅनिक होतो. ग्रामपंचायतींना बॅटरीवर चालणारे सरकारी रेडिओ मिळाले होते. ते नीट चालतील हे पाहणं आमचं काम. गावात रेडिओ शाळेत असे, कपाटाला कुलूप, आणि किल्ली बहुतेक मास्तरांकडे. संध्याकाळी मास्तर कुलूप उघडत आणि ओट्यावर सारं गाव बातम्या, बाजारभाव, भजन ऐकत बसे. किल्ली ज्याच्याकडे, त्याला गावात मान असे.

दर्यापूरकडच्या एका गावचा रेडिओ त्या उन्हाळ्यात माझ्या मानगुटीवर बसला. होळीनंतर तो बसच्या टपावरून आमच्याकडे आला. तक्रार एकच, बोलत नाही. मी लावला, तो बोलला. दिवसभर चालू ठेवला, दिवसभर बोलला. परत पाठवला. आठवडा झाला नाही तोच तो पुन्हा दारात, आणि या वेळी सोबत गावचे सरपंच, डोक्याला भलामोठा रुमाल, आवाज त्याहून मोठा.

"काय दुरुस्त केलं जी तुमी? हा तं मुकाच हाये!"

मी त्यांच्यासमोर रेडिओ लावला. नागपूर केंद्र असं स्वच्छ लागलं की मलाच अभिमान वाटला.

"आमच्याकडे तर चालतो," मी म्हणालो.

"तुमच्याकडं चालते तं आमच्याकडं काऊन नाई चालत? आमी का रोज अकोल्याले येऊ आयकाले?"

मी त्यांना दुसरा, कोराकरकरीत रेडिओ दिला. नव्या बॅटऱ्या दिल्या. त्यांच्या मागोमाग निरोप आला की हाही मुका आहे. आमच्या दुरुस्तीशाळेतले थोरले मेकॅनिक बिडी ओढत हसले आणि म्हणाले, "अबे, सेट बदलून पाह्यला, बॅटरी बदलून पाह्यली. आता गाव बिघडलं असंन. जाय, गाव दुरुस्त करून ये."

मला राग आला होता, रेडिओचाही आणि त्यांचाही. हत्यारांची पिशवी भरली, त्यात लांब तारेचं एक भेंडोळं टाकलं आणि निघालो. दर्यापूरपर्यंत बस आणि पुढे भाड्याची सायकल. चैत्र संपत आला होता, काळी जमीन तडकून तिला भेगा पडल्या होत्या, आणि सायकलचं चाक त्या भेगांत अडकून मी एकदा चांगलाच आपटलो. तो खारपाणाचा भाग. विहिरींचं पाणी खारट, पिण्याचं गोडं पाणी लांबून बैलगाडीवर टाक्या भरून आणायचं. गावात शिरलो तेव्हा जीव कासावीस झाला होता.

मारुतीच्या पारावर एक मोठा रांजण होता. सरपंचांनी स्वतः ओगराळ्यानं पाणी काढून मला दिलं. "प्या साहेब, गोडं पानी हाये." मी घटाघटा प्यालो. साहेब कुठले, कोणाचे, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सरकारी पिशवी खांद्याला असली की माणूस फक्त साहेब असतो.

माझी एक सवय होती. यंत्र आधी चालत होतं आणि आता चालत नाही, तर मधल्या काळात काय बदललं, हे मी पहिल्यांदा विचारायचो. पारावर बसलेल्यांना तेच विचारलं. सगळ्यांनी एकदमच उत्तर दिलं.

"मास्तर बदलला."

आधीचे मास्तर बदलून गेले आणि होळीच्या सुमारास नवे आले होते. ते बौद्ध. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. गावातल्या तोंडांना नवं नाव अजून वळत नव्हतं, आणि जुनं नाव घ्यायची सवय सुटत नव्हती. सरपंच आवाज खाली करून मला म्हणाले, "माह्यं काई नाई जी त्या मानसावर. पन लोक म्हनतात त्याचा हात लागला अन् रेडिओ मुका झाला. तुमी फक्त लिहून द्या का सेट बराबर वापरत नाईत. किल्ली आमी दुसऱ्याले देतो."

"मग मास्तर?"

"बदलीचं पाहू काई."

म्हणजे किल्ली गेली की मास्तरही जाणार. माझ्या एका सहीवर ते सगळं अडलं होतं. मी म्हणालो, "आधी रेडिओ तर पाहू द्या," आणि शाळेकडे निघालो.

मास्तर माझ्याच वयाचे, तिशीच्या अलीकडचे. धुतलेलं पांढरं धोतर, खिशाला पेन. मोठ्या मुश्किलीनं मिळालेल्या एका खोलीत बायको आणि लहान मुलीसोबत राहत होते. त्यांनी किल्ली काढली, पण माझ्या हातात देताना क्षणभर थांबले. बहुधा ती परत मिळणार नाही असंच त्यांना वाटलं असावं.

"तुमी कुठले साहेब?" त्यांनी विचारलं.

मी आमच्या अकोल्यातल्या वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती वस्ती कुणाची, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"मंग पारावरच्या रांजनातलं पानी पेलं तुमी?"

"प्यालो."

"अन् रांजन फुटला नाई?"

आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी ते हसत असावेत असं मला वाटलं.

मग मी कामाला लागलो. आधी छपरावरची तार पाहिली, ती ठीक होती. रेडिओचं पोट उघडून पाहिलं, तेही ठीक. लहरी पकडायला छपरावर एक तार लागते, तशी दुसरी जमिनीत पुरलेली लागते. जमीन ओलसर असली की ती तार काम करते. अकोल्यात आम्ही ती नळाच्या पाइपाला बांधायचो, त्यामुळे तिची काळजी आम्हाला कधी पडलीच नाही. ही तार भिंतीवरून उतरून ओट्याच्या कोपऱ्याशी जमिनीत गेली होती. मी खाली वाकून बघितलं आणि बघतच राहिलो. तिथं माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढी भेग पडली होती. तारेच्या टोकाला जोडलेला पत्रा मातीला धरून नव्हताच, भेगेत नुसता लोंबकळत होता.

"मास्तर, एक तांब्याभर पाणी द्या."

त्यांनी घरून आणलं. मी ते भेगेत ओतलं, माती ढकलली, पायानं दाबली. आत कपाटात खरखर करणारा रेडिओ घसा साफ करून बोलायला लागला. मास्तर उभ्या उभ्या ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. माझाही आनंद गगनात मावेना. इतके दिवस छळणारा दोष हाताशी लागला की जे वाटतं, ते या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

पण मग एक प्रश्न उरला. उन्हाळे तर आधीही येत होते. मागच्या उन्हाळ्यात रेडिओ कसा बोलत होता? मी पुन्हा खाली बसलो. भिंतीवर वाळलेल्या शेवाळाचा पट्टा होता, आणि त्याखाली जमिनीत तिवईच्या पायांचे खळगे.

"इथं काय होतं?"

मास्तर पाराकडे बघून म्हणाले, "रांजन. मी आलो त्याच आठवड्यात तिकडं नेला."

मला पुढचं विचारावं लागलं नाही. शाळेच्या ओट्याजवळचा रांजण मास्तरांचा हात लागू नये म्हणून गावानं उचलून पारावर नेला होता. जुना रांजण दिवसभर झिरपायचा, पोरं ओगराळी विसळायची, तिथली जमीन कधी वाळायचीच नाही. रांजण गेला, जमीन तडकली, रेडिओ मुका झाला. बदललं होतं ते हेच, आणि ते गावानं स्वतःच्या हातानं बदललं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या थोरल्या मेकॅनिकची थट्टा अक्षरशः खरी निघाली होती.

मास्तरांनी माझ्या पिशवीतलं भेंडोळं पाहिलं. "साहेब, तार हाये ना तुमच्याजवळ. पारापावतर न्या, तिथल्या ओलीत पुरा. माह्यापायी कायले झगडा?"

तासाभराचं काम होतं, ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी भेंडोळं पिशवीच्या तळाशी दाबलं आणि वर हातोडी ठेवली.

"झगडा नाही करत, दुरुस्ती करतो," मी म्हणालो. "जिथं बिघडलं तिथंच करतो."

ते म्हणाले, "करा मंग. पन बोलाचं ते मी बोलीन."

दुपार कलल्यावर ओट्यावर गाव जमलं. तोवर उन्हानं ती माती पुन्हा वाळली होती आणि रेडिओ पुन्हा खरखरत होता. मी सगळ्यांसमोर पाणी ओतलं. रेडिओ बोलायला लागला. मास्तर पुढे झाले.

"पाह्यलं ना साऱ्यांनी?" ते शांतपणे म्हणाले. "अथी रांजन होता तवा जमीन ओली राहे. रांजन तुमी उचलला. माह्या हातानं रेडिओ मुका झाला नाई. आता रांजन आना का नका आनू, ते तुमचं तुमी पाहा. पन किल्ली माह्यापाशी राहीन."

सरपंचांनी रुमाल काढून पुन्हा बांधला.

एक जण म्हणाला, "खारं पानी ओतू न रोज एक बादली."

"खाऱ्या पाण्यानं तार गंजून जाईल," मी सांगितलं. हे मात्र खरं होतं.

"मंग तारच लांबवा जी पारापावतर."

"तार लागेल. अर्ज करावा लागेल," मी चेहरा सरकारी करून म्हणालो. "आधी आपण मध्य प्रदेशात होतो, तेव्हा सामान नागपूरहून यायचं. आता आपण मुंबई राज्यात. आता ते मुंबईहून येतं."

"किती दिवस लागतीन?"

"अजून कुणाला आलेली मी पाहिली नाही."

लोक हसले. सरपंच हसले नाहीत. ते रेडिओतले बाजारभाव ऐकत होते, आणि पाणी जिरत चाललं तसे भाव पुन्हा खरखरीत बुडत चालले होते. शेवटी ते उठले आणि ओरडले, "आना बे तो रांजन! कायले पाह्यता? उचला!"

चौघांनी रांजण आणला, तिवई आणली, जुन्या खळग्यांत ठेवली. गाडीवरच्या टाकीतून गोडं पाणी भरलं गेलं. एवढं झालं तरी ओगराळ्याला कुणी हात लावेना. प्रत्येकाला तहान लागली होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. मला आता राहवेना. मी उठलो, पाणी काढलं, प्यालो आणि म्हणालो, "सकाळी पारावर सरपंचांच्या हातचं पाणी प्यालो, तेव्हा सांगायचं राहून गेलं. मीही मास्तरांच्याच समाजाचा आहे."

आणि ओगराळं मास्तरांच्या हातात दिलं. ते प्यायले, सावकाश, पुरं भरून. मग त्यांनी ते तिवईवर ठेवलं.

दोघं-तिघं उठून निघून गेले. बाकीचे बसून राहिले. सरपंचांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग निघून गेलेल्यांच्या पाठीकडे. "उनात बसून बसून घसा वाळला न राजेहो," असं कुणाला तरी सांगत ते उठले आणि त्याच ओगराळ्यानं प्यायले. मी सही करायचा कागद काही कुणी पुढे आणला नाही. संध्याकाळी मास्तरांनी कुलूप उघडलं आणि बातम्या शेवटपर्यंत नीट लागल्या.

मी परत आलो ते फार भरवसा घेऊन नाही. एका दिवसाची दुरुस्ती किती टिकते, हे मेकॅनिकला ठाऊक असतं.

श्रावणात बॅटऱ्या बदलायची माझी फेरी आली. काळ्या चिखलानं चपला ओढून घेतल्या, त्या हातात धरून अनवाणी गावात शिरलो. वाटेत मनाची तयारी करत होतो. आता सगळी जमीनच ओली चिंब, रेडिओला रांजणाची काही गरज नाही, आणि गावालाही ते कळलं असणार. तिवई रिकामी असेल, किल्ली दुसऱ्याच कुणाकडे असेल.

रांजण तिथंच होता. वर झाकण, झाकणावर ओगराळं. मास्तरांची मुलगी आणि सरपंचांची नात तिवईशी उभ्या राहून एकमेकींच्या ओंजळीत पाणी ओतत होत्या. मास्तरांनी मला पाहिलं आणि लांबूनच किल्ली उंच धरून दाखवली.

मी बॅटऱ्या काढत होतो, तेवढ्यात पिशवी कलंडली आणि तारेचं ते भेंडोळं गडगडत सरपंचांच्या पायाशी गेलं. त्यांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं, मनातल्या मनात त्याची लांबी मोजली. मग पाराकडे पाहिलं.

"ही कवा आली जी?"

"आत्ताच," मी म्हणालो. "मुंबईहून."

त्यांची नजर रांजणाकडे वळली. पोरींचा पाण्याचा खेळ चालूच होता. मग त्यांनी भेंडोळं माझ्या पिशवीत टाकलं.

"वापस पाठवा तुमच्या मुंबईले," ते म्हणाले. "आमाले नाई लागत."