थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट

पोस्टिंग आल्मेरे, नेदरलँड्स. माझं नव्हे, बायकोचं. तिची हूफडॉर्पला आयटीत नोकरी, आणि मी, फौजेच्या ईएमईचा निवृत्त हवालदार, ट्रेड आर्मरर म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, कागदोपत्री तिचा डिपेंडंट. लॉकडाउनमध्ये हाताला काम नव्हतं म्हणून तिची सायकल सर्व्हिस केली. सगळी नोकरी हत्यारांना तेल देण्यात गेलेली. त्या सवयीनं ब्रेकलाही दिलं. बायको थेट शेजारच्या कुंपणात गेली. शेजारी हेंक धावत आला, दीड मीटरवर थांबला आणि नियम पाळून फक्त सायकल बाहेर ओढली. बायको आपली आपण बाहेर आली. "फौजेत हेच करत होतात का हो?" हे तिनं मराठीत विचारलं, म्हणून अब्रू वाचली.

त्या निमित्तानं हेंकला कळलं की मी आर्मरर होतो. तो शूटिंग क्लबचा जुना मेंबर, रीतसर लायसन्सवाला. त्याच्याकडे महायुद्धातली एक थ्री-नॉट-थ्री रायफल होती. ओळखीच्या कुणाकडून त्यानं तिची नळी बदलून घेतली होती. आता ती सेव्हन-सिक्स-टूची गोळी मारणार होती. ही गोळी जास्त ताकदीची. तिचा सगळा दाब मागे, नळीचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टवर येतो.

"क्लब उघडला की पहिल्या दिवशी हीच घेऊन जाणार," हेंक म्हणाला. "बंद व्हायच्या आधी दोरी बांधून, लांबून पाच गोळ्या मारल्यात. काही झालं नाही. तू फक्त बघून ओके म्हण."

"आमचीही पास झाली होती," मी म्हणालो. आणि त्याच्या शेडच्या दारात उभं राहून, मास्कमधून, त्याला सांगितलं.

मी तेव्हा हुद्द्यानं नायक होतो. वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये जुन्या थ्री-नॉट-थ्री पडून होत्या. त्यांच्या गोळ्या मिळत नव्हत्या, सेव्हन-सिक्स-टूच्या हव्या तेवढ्या होत्या. फायरिंग कॉम्पिटिशन जवळ आली. मेजरसाहेबांनी हुकूम दिला, नळ्या बदला. कारखान्यानं या गोळीसाठी रायफल काढली तेव्हा पोलादच बदललं होतं. आम्ही नुसती नळी बदलत होतो. हे बोलले ते एकटे हवालदार दत्ताराम सावंत. कुडाळचे. माझे उस्ताद. माझी कानस वाकडी गेली की म्हणायचे, "नायक, तू गावात सलून काढ. तिथे वाकडं गेलं तर परत वाढतं."

"सर, बोल्ट पुराना है. प्रेशर नहीं झेलेगा."

"टेस्ट करो."

रायफल टायरला बांधली. आडोशाला बसून दोरी ओढली. दहा राउंड. पास.

"सर, हर बार बोल्ट खोलके देखना पड़ेगा. क्रैक धीरे धीरे आता है."

"पास हुई कि नहीं?"

"हुई, सर."

"तो बस."

आमच्या वर्कशॉपचा एक रिवाज होता. दुरुस्त केलेल्या हत्याराचा खांद्यावरचा पहिला राउंड आर्मररनं स्वतः मारायचा, मगच ते जवानाच्या हातात द्यायचं. रेंजवर सावंतांनी फायररला बाजूला केलं आणि स्वतः पोझिशन घेतली. पहिला राउंड नीट गेला. रिवाज तेवढाच. ते उठू लागले तेव्हा साहेब मागून म्हणाले, "ग्रुप निकालो, सावंत." म्हणजे एकाच ठिकाणी सलग पाच गोळ्या मारून दाखव. चौथ्या राउंडला बोल्ट तुटून मागे आला. स्ट्रेचर येईपर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्या पुढचं मी हेंकला सांगितलं नाही, इथेही लिहीत नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, "कुछ कहना है?" मी सगळं सांगितलं. मी बोलत होतो तेवढा वेळ क्लार्कचं पेन थांबलं होतं. मी गप्प झाल्यावर ते चालू झालं. निष्कर्ष निघाला, हवालदाराचा निष्काळजीपणा. मेजरसाहेब वेळेवर कर्नल झाले.

हेंकनं शांतपणे ऐकून घेतलं. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण ते इंडियात."

"रायफल इंग्लंडची होती," मी म्हणालो. "तुझी आहे तीच."

मग मी घरातून आमच्या मुलीचा फुटपाथवर चित्रं काढायचा खडू आणला. हेंकनं दिव्याचं तेल दिलं. बोल्ट तेलात ठेवला, कोरडा पुसला, वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं बोल्टच्या बाहेर आलेल्या कानाच्या बुडाशी, जिथे तो रायफलीत अडकतो तिथे, पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली. चीर होती. तिच्यातलं तेल बाहेर येत होतं. हेंक चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, उस्ताद, एक तरी वाचला.

क्लब उघडल्यावर हेंक कुंपणापाशी भेटला. रायफलचं काय केलंस, म्हणून मी विचारलं.

"विकली. रीतसर, लायसन्सवाल्यालाच. दक्षिणेकडचा आहे."

"चिरेचं सांगितलंस?"

"त्यानं विचारलं नाही."

मी घरात आलो. जिभेवर आलेल्या फौजी शिव्यांचं इंग्रजी मला येत नव्हतं, आणि मराठीत त्या हेंकला लागल्या नसत्या. बायको टेबलावर लॅपटॉप मांडून काम करत होती. सावंतवहिनींना ती अजून दर दिवाळीला फोन करते. तिनं कॅमेरा बंद केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"सावंतभाऊजींच्या वेळी तुम्हाला निदान कुणी विचारलं तरी होतं," ती म्हणाली. "इथे तेही कुणी विचारणार नाही. मास्क लावा आणि हेंककडून त्या माणसाचा नंबर घेऊन या. आणि फोनवर आधी भाऊजींचं नाव सांगा, पूर्ण. मग बोल्टचं."