हजार किलोमीटर आणि दिल्लीची पावती

चोवीस तासांत हजार किलोमीटर मोटरसायकल चालवायची आणि चालवली हे कागदावर सिद्ध करायचं, असं मी ठरवलं त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे दक्षिणेतल्या एका रायडिंग क्लबची नियमावली वर्कशॉपच्या रद्दीत माझ्या हाती लागली. दुसरं कारण मेधा.

मेधाचं आधी सांगून टाकतो. ती लखनौ छावणीतल्या सुभेदार काकांची मुलगी. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला हजेरीवरून सरांशी भांडलो, परीक्षेचं प्रवेशपत्र त्यांच्या टेबलावर फाडून ठेवलं आणि आलमबागेत उस्तादांच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलो. त्याच सुमारास काका रिटायर होऊन झाशीला गेले. तिथे एका ट्रक कंपनीची वाहतूक बघतात. निघण्याआधी मेधा मला म्हणाली, "तू एक तरी गोष्ट शेवटपर्यंत नेऊन दाखव. तोवर पत्र पाठवू नकोस." मी म्हणालो, "दाखवतो. कागदासकट." रागात म्हणालो, पण म्हणालो.

क्लबचे नियम तीन पानी, इंग्रजीत, सायक्लोस्टाइल केलेले. तुम्हाला असा प्रवास करायचा असेल तर ती पानं दोनदा वाचा. मी एकदा वाचली. थोडक्यात असं: सुरुवातीला आणि शेवटी दोन जबाबदार साक्षीदारांच्या सह्या. वाटेत दर अडीचशे किलोमीटरच्या आत एक पावती, जिच्यावर ठिकाण आणि वेळ असेल. दोन पावत्यांमधलं अंतर मोजताना सर्वांत जवळचा रस्ता धरला जाईल. म्हणून रस्ता जिथे वळतो, त्या कोपऱ्यावर पावती हवीच.

पंचाईत पावतीची. आपल्याकडे पेट्रोल पंपावर हाताने बिल करतात. तारीख मागितली तर उपकार केल्यासारखी टाकतात, वेळ कोणी टाकत नाही. तोडगा मला एस.टी.डी. बूथमध्ये सापडला. तिथलं मशीन तारीख, वेळ, फिरवलेला नंबर सगळं छापून देतं. मागे बूथचा शिक्का मारून घेतला की ठिकाणही आलं. क्लबला पत्र टाकून विचारलं, त्यांनी चालेल म्हणून कळवलं. अट एकच, फोन पलीकडे उचलला गेला पाहिजे. नुसती रिंग वाजली तर मशीन काही छापत नाही.

नंबर कुठला फिरवायचा, याचा मी फार विचार केला नाही. पत्र पाठवू नको म्हणाली होती. फोनबद्दल काही बोलली नव्हती.

रस्ता असा ठरला: लखनौहून सीतापूर, शहाजहानपूर, बरेली, मुरादाबाद, दिल्ली. तिथून खाली वळून मथुरा, आग्रा, इटावा, कानपूर आणि परत लखनौ. नकाशावर दोरा ठेवून मोजलं तर हजाराच्या वर पन्नासेक किलोमीटर जास्त निघत होते. गाडी माझी शंभर सीसीची टू-स्ट्रोक, जुनी, पण इंजिन मीच उघडून बांधलेलं. सोबत जादा प्लग, क्लच केबल, ट्यूब, टू-टी ऑइलचा डबा, आणि टाकीवर चिकटवलेला कागद, ज्यावर ठिकाणं, वेळा आणि झाशीचा नंबर. घरी आईला सांगितलं, कानपूरला पार्ट आणायला जातोय. बाबांशी तेव्हा माझं बोलणं बंद होतं. ते बँकेत आहेत. कॉलेज सोडल्यापासून आम्ही दोघं गोमती नगरच्या त्या तीन खोल्यांत एकमेकांना वळसा घालून राहत होतो.

शहाण्णवच्या फेब्रुवारीतला शेवटचा रविवार निवडला. धुकं संपलेलं, ऊन अजून तापलेलं नसतं. जायचं असेल तर हाच काळ बरा.

पहाटे पाचला चारबाग स्टेशनसमोरच्या बूथवर उस्ताद आणि त्यांचे एक निवृत्त पोस्टमास्तर मित्र साक्षीला आले. उस्तादांनी फॉर्मवर सही केली आणि कागद उलटसुलट करून बघितला.

"अमाँ यार, मिलेगा क्या?"

"सर्टिफिकेट."

"फ्रेम वाला?"

"फ्रेम अपनी लगानी पड़ेगी."

"तो फिर काहे को टाँगें तुड़वा रहे हो," ते म्हणाले आणि चेनला तेल घातलं.

मी झाशीचा नंबर फिरवला. दुसऱ्याच रिंगला काकांनी उचलला. फौजी माणूस, पाचला जागा असणारच. हे मी धरलंच नव्हतं.

"हॅलो, कोण?"

"राँग नंबर, काका."

"राँग नंबर मला काका म्हणतोय व्हय?"

मी ठेवून दिला. पावती आली. पाच वाजून दोन मिनिटं.

सीतापूरपर्यंत रस्ता बरा. पुढे उसाच्या ट्रॉल्या. त्या रस्त्याच्या मधोमध चालतात आणि मागे दिवा नसतो, म्हणून उजाडेपर्यंत चाळीसच्या वर जाऊ नका. रेल्वे फाटकांसाठी हिशोबात अर्धा तास वेगळा धरा. मी तीन फाटकांवर थांबलो. शहाजहानपूरला साडेआठला पोचलो, उभ्यानेच पुरी-आलू खाल्लं आणि बूथमध्ये शिरलो.

"बोल, राँग नंबर," काका म्हणाले.

मग सांगावंच लागलं. कोण, कुठून, कशासाठी. 'कशासाठी'मध्ये मेधाचं नाव घेतलं नाही. काका ऐकून घेत होते. चिडतील असं वाटलं होतं.

"गाडी कुठली? शंभर सीसी? ऑइल बघितलंस का? टायरमधी हवा?" आणि मग, "पुढची पोस्ट कुठली?"

"मुरादाबाद. पावणेबारा."

"बारा धरतो. पोचल्याची खबर द्यायची. आमच्याकडं ट्रक निघाला की दर पोस्टला खबर येते. न्हाय आली तर मी शोधायला लागतो, ध्यानात ठेव. मेधाला देऊ?"

माझ्यासमोर मशीनवर सेकंद पळत होते. "नको, वेळ नाही," मी म्हणालो. पुढचे शंभर किलोमीटर मी त्या वाक्याबद्दल स्वतःला शिव्या दिल्या.

बरेलीच्या अलीकडे रस्ता इतका उखडलेला की गाडी रस्त्याकडेच्या मातीवर उतरवून चालवली. मुरादाबादला मुगाची डाळ द्रोणात मिळते, वरून चटणी आणि मुळ्याचा कीस. पोटाला हलकी, जरूर खा. बारा वाजून पाच मिनिटांनी खबर दिली. काका म्हणाले, "पाच मिनिटं लेट. दिल्ली?"

"तीन."

"साडेतीन लिहितो. तुझं तीन म्हंजी साडेतीन."

गजरौल्याच्या पुढे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, तीही चिमटली. बारीकसं भोक, पण शोधायला टबभर पाणी लागतं आणि पंक्चरवाला जेवायला गेलेला. सव्वा तास गेला. गढमुक्तेश्वरच्या पुलावरून गंगा दिसली, छान होती. थांबलो नाही.

दिल्लीच्या कडेला, शाहदऱ्याच्या बूथमध्ये शिरलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. नंबर फिरवला. एंगेज. पाच मिनिटांनी एंगेज. पंधरा मिनिटांनी एंगेज. मी बाहेर चहा घेतला, परत येऊन फिरवला. एंगेज. बूथवाला पेपर वाचत होता. पाऊण तास झाल्यावर त्याने मान वर केली.

"भाईसाहब, इंगेज है तो इंगेज है. किसी और को मिला लो."

"इसी नंबर पे मिलाना है."

"परची ही तो चाहिए आपको. अपने घर मिला लो."

खरं तर पावतीला नंबर कुठलाही चालत होता. हे मला माहीत होतं. पण घरी म्हणजे बाबा, आणि रविवार असल्याने फोन तेच उचलणार. शिवाय मला वाटत होतं की काकांनी रिसीव्हर मुद्दाम काढून ठेवलाय. सकाळपासून गोड बोलून आता पोराचा काटा काढला, असं. डोकं फिरलं की मला एकच गोष्ट दिसते.

"मेरे घर का इससे कोई लेना-देना नहीं," मी म्हणालो आणि रिसीव्हर आपटला.

"रिसीवर तो मेरा है," बूथवाला शांतपणे म्हणाला.

साडेपाचला मी पावतीशिवाय निघालो. गाडीचं मीटर आहे, क्लबला समजावून सांगता येईल, असं हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलत गेलो. पलवलपर्यंत बोलत होतो.

मथुरेला पावणेनऊला फोन लागला. या वेळी मेधाने उचलला.

"कुठे होतास तू?"

"तुमची लाइन एंगेज होती. तासभर!"

"ओरडू नकोस. चार वाजले तरी तुझी खबर नाही म्हणून बाबांनी मंडळाच्या यादीतून तुमचा नंबर काढला. मी लावला. तुझ्या बाबांना माहीतच नव्हतं तू कुठे गेलास ते. मला पहिल्यापासून सांगायला लागलं सगळं. मग ते नकाशा घेऊन बसले. एकेक गाव विचारत होते."

"तासभर?"

"तुझे बाबा किती हळू बोलतात, यार."

मशीनवर सेकंद पळत होते. शेवटी ती म्हणाली, "मथुरा, आठ सत्तेचाळीस. लिहिलं."

आग्र्यापासून पुढे ट्रकमागे ट्रक. एखादा नेमाने जाणारा ट्रक गाठा आणि त्याच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून चालवा, बाकी काही करायचं नसतं. इटाव्याला साडेबाराला फोन केला, पुन्हा मेधा.

"बाबा झोपलेत. सांग."

"इटावा, बारा पस्तीस."

"लिहिलं."

कानपूरचंही तसंच. प्रेमाबद्दल मी बऱ्याच कल्पना केल्या होत्या, त्यात हे संभाषण नव्हतं. पण त्या दिवसभरात सर्वांत बरं मला तेव्हा वाटलं, हे नोंदवून ठेवतो.

पहाटे चार पस्तीसला चारबाग. पंचवीस मिनिटं शिल्लक. शेवटची खबर काकांनी घेतली: "ट्रिप क्लोज. झोप आता." पावती घेऊन बाहेर आलो तर बूथसमोर उस्ताद, पोस्टमास्तर, आणि बँकेत घालतात तो स्वेटर घालून बाबा.

आठ महिन्यांनी ते माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं: "कागद दाखव."

मी पाकीट दिलं. त्यांनी स्कूटरच्या सीटवर पावत्या क्रमाने लावल्या, प्रत्येकीची वेळ टाकीवरच्या यादीशी ताडली, मग नियमांचं तिसरं पान वाचलं. बँकेतला माणूस कागद वाचतो तेव्हा घाई करायची नसते. उस्तादांनी तोवर मला चहा पाजला.

"दिल्लीची पावती?"

"नाही."

"मग हे पास होणार नाही. मुरादाबादहून मथुरेला अलीगढवरून जवळ पडतं. ते तेच अंतर धरणार. हजार भरत नाहीत."

"एका पावतीसाठी?" माझा आवाज चढला. "मीटर बघा! गाडी बघा!"

"एक व्हाउचर नसलं की दिवस टॅली होत नाही." मग पावत्या परत पाकिटात घालत म्हणाले, "मला लावायचा होतास फोन."

आता मात्र मला हसू आलं. "तुमचीही लाइन एंगेज होती, बाबा. तुम्ही आणि मेधा एकमेकांशीच बोलत होता. लावला असता तरी लागला नसता."

"ते तुला तेव्हा माहीत होतं?"

त्यांनी शेवटच्या साक्षीदारांच्या चौकटीखाली, तिसरी सही लागत नसतानाही, सही केली, वेळ टाकली आणि स्कूटर सुरू केली. मी त्यांच्या मागून घरी गेलो.

क्लबचं पत्र दीड महिन्याने आलं. नम्र होतं. बाबा म्हणाले तेच कारण.

त्याच आठवड्यात झाशीहून एक लिफाफा आला. आत ट्रक कंपनीचा छापील ट्रिपचा तक्ता. पोस्ट, अपेक्षित वेळ, पोचल्याची वेळ. वरच्या ओळी काकांच्या काळ्या शाईत. दिल्लीसमोर लिहिलंय, 'खबर नाही'. मथुरा, इटावा, कानपूर निळ्या शाईत, मेधाच्या अक्षरात. खाली चिठ्ठी वगैरे काही नाही. मी तक्ता उलटा करूनही बघितला.

मीही पत्र पाठवलेलं नाही. कागद आल्यावर, असं ठरलं होतं, आणि कागद आलेला नाही. बाबांनी माझ्या टेबलावर परीक्षेचा फॉर्म आणून ठेवलाय, बहिःस्थ विद्यार्थ्यांचा. तो मी भरलेला नाही. फाडलेलाही नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा निघतोय, त्याच रस्त्याने. जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: दोन ट्यूब घ्या, फाटकांचा वेळ धरा, मुरादाबादला डाळ खा, कोपऱ्यावरची पावती सोडू नका. टाकीवरचा कागद मी नवीन केलाय. झाशीच्या नंबराखाली आता घरचाही नंबर लिहिलाय.