कमळच्या लग्नातलं जांभळं पाणी

नगरपालिकांच्या परिषदेला गेलेला सभासद काहीही न शिकता परत येतो, हा लोकांचा समज चुकीचा आहे. मी शिकून आलो, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावच्या नगरपालिकेत मी निवडून आलो होतो. (विरुद्ध उभा राहणारा गृहस्थ अर्ज भरायच्या दिवशीच तापाने आडवा झाला, हा भाग वेगळा.) पुण्याला परिषद भरली, तेव्हा जायला कुणी तयार होईना, म्हणून मला पाठवलं. लगेच गावात कुजबुज सुरू झाली. "फुकटात पुनं बघून येनार, दुसरं काय!" ते माझ्या मनाला असं लागलं, की काहीतरी शिकल्याशिवाय गावात पाय ठेवायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं.

शिकायला तिथे पुष्कळ होतं. गटारं, दिवाबत्ती, घरपट्टी! पण ही सगळी भाषणं जेवणानंतर झाली, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला अधिकाराने काही सांगता येत नाही. एक भाषण मात्र सकाळी झालं. एका डॉक्टरांनी सांगितलं, की पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ टाळायची तर विहिरीत परमँगनेटचे खडे टाका. पाण्याला फिकट गुलाबी छटा येईपर्यंत थोडे थोडे टाकत राहा. आणि सभासदांनी सुरुवात आपल्या घरापासून करावी! मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, आणि पुणं सोडण्याआधी त्या खड्यांचा एक भला मोठा डबा विकत घेतला.

घरी आलो तर धाकट्या बहिणीच्या, कमळच्या लग्नाची धांदल. नवरामुलगा कोल्हारचा, घरची बागाईत, आणि मुख्य म्हणजे कमळला मनापासून पसंत. होणारे व्याही तात्या म्हणजे करारी माणूस. पांढऱ्याशुभ्र झुपकेदार मिशांवरून हात फिरवल्याशिवाय बोलायचे नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड येऊन जानवसघरी उतरलं, आणि नेमकी त्याच संध्याकाळी बातमी आली की घोडेगावच्या बाजारात पटकी लागली. आता सगळं वऱ्हाड आमच्याच परसातल्या आडाचं पाणी पिणार! मी डबा उचलला.

"अहो, निदान लग्न तरी होऊन जाऊ द्या," बायको म्हणाली.

"पटकी काय मुहूर्त बघून येते?"

"पण किती टाकायचं, ठाऊक आहे ना?"

"पाणी गुलाबी दिसेपर्यंत!"

"म्हणजे किती?"

"परिषदेला मी गेलो होतो का तू?"

तिचा प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नव्हता, असं आता वाटतं.

दिवेलागणीची वेळ होती. मी मूठभर खडे आडात टाकले, पोहऱ्याने पाणी ढवळलं, घागर वर काढली आणि कंदील धरून पाहिलं. पाणी जसंच्या तसं! आणखी एक मूठ. तरी जसंच्या तसं! (घागर तांब्याची होती. कंदिलाच्या उजेडात तांब्याच्या घागरीतलं गुलाबी पाणी कसं दिसतं, याबद्दल परिषदेत कुणी चकार शब्द काढला नव्हता.) "पुण्याच्या दुकानदाराने फसवलं!" मी ओरडलो. पण माघार घेईन तर मी सभासद कसला? सबंध डबा आडात उपडा केला.

पहाटे अंधारातच आचाऱ्याने चुली पेटवल्या आणि अंधारातच आईने जानवसघरी आंघोळीचं पाणी पाठवलं. मग उजाडलं.

पहिली हाक आचाऱ्याची. "मालक, ह्या भाताला काय झालं? असला तांबडा भात जल्मात शिजवला न्हाई मी!" धावत गेलो तर शेजारी बुंदीचा पाक. रेशनची साखर महिनोन्महिने साठवून केलेला तो पाक काकवीसारखा झाला होता. तोवर परसातून आईचा आवाज. "आरं, आडात शाई कुनी वतली?" मी वाकून पाहिलं. दिवसाच्या उजेडात पाणी पिकल्या जांभळाच्या रंगाचं दिसत होतं.

तेवढ्यात तात्या आले. तोंडाला पंचा लावलेला. मागे नवरामुलगा दोन्ही हात पाठीशी लपवून उभा, कारण त्याची दहाही नखं तपकिरी झाली होती. तात्यांनी पंचा खाली केला. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र मिशा तपकिरी!

"पाव्हणं, ह्ये काय हाय?"

"औषध आहे, तात्या. पुण्याच्या परिषदेत..."

"आमाला इख पाजता व्हय? गाड्या जुपा रे! न्हाई करायचं ह्ये लगीन!"

दारात कमळ उभी होती. अंगाला हळद आणि डोळ्यांत पाणी. "दादा, पुण्याला जाऊन एवढंच शिकून आलास?" एवढंच म्हणाली. नगरपालिका गेली चुलीत, पण हिचं लग्न मोडलं तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. मग मी शेवटचा निर्धार केला.

"तात्या, विष असेल तर आधी मी मरतो!" असं म्हणून मी तांब्याभर जांभळं पाणी सगळ्यांदेखत घटाघटा प्यायलो. चव जुन्या खिळ्यासारखी होती, पण मेलो नाही. लोकांची खात्री पटावी म्हणून मी तोंड भरून हसलो. माझे दात, ओठ, जीभ, सगळं तपकिरी! पुढे उभी असलेली पोरं किंचाळून रडायला लागली, आणि जी माणसं अजून गाडीत बसली नव्हती, तीही बसली.

आता बैल हलणार, इतक्यात गाडीतून विहीणबाईंचा आवाज आला. त्या मघापासून नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

"अवो, आरशात बघितलं का?"

"कशाला?"

"मिशा बघा की! लई तरणं दिसताय!"

कुणीतरी आरसा आणला. तात्यांनी तोंड डावीकडे वळवलं, मग उजवीकडे. मिशांना पीळ दिला.

"पाव्हणं, धुतल्यावर जातं का ह्ये?"

"नाही हो तात्या, काही दिवस तरी नाही," मी रडकुंडीला येऊन म्हणालो. आता संपलंच, असं मला वाटलं.

"मग ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "सोडा रे बैल!"

शेजारच्या रहिमानभाईंनी आपल्या गाडीतून नदीच्या पाण्याची पिंपं आणली. "आप फक्त पिंपाला हात नका लावू," एवढी एकच अट त्यांनी मला घातली. भात पुन्हा शिजला, बुंदीऐवजी गूळ वाढला, आणि लग्न लागलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी हसायचं नाही, असं आईने मला बजावलं होतं.

काही महिन्यांनी कमळला भेटायला मी कोल्हारला गेलो. काय तो पाहुणचार! तात्यांनी माझ्या दिमतीला एक धट्टाकट्टा गडी दिला. मी मळ्यात गेलो तर तो मागे, परसात गेलो तर मागे, नुसता पाय मोकळे करायला उठलो तरी हजर! मी गावी येऊन भर सभेत सांगितलं, की असा मान नगराध्यक्षांनाही कुठे मिळत नसेल. पंचमीला कमळ माहेरी आली, तेव्हा तिच्यापुढेही तेच कौतुक सुरू केलं, तर तिला हसू आवरेना.

"दादा, तो गडी मानासाठी नव्हता रे! मामंजींनी त्याला सांगितलं होतं, पाव्हणा जाईस्तवर त्याला आपल्या हिरीपाशी फिरकू द्यायचं न्हाई!"

आणि मी निघताना त्या गड्याला, इतकी मनोभावे सेवा केली म्हणून, माझं नवं कोरं उपरणं बक्षीस देऊन आलो होतो!