झाकून ठेवा म्हणालो होतो

बाई गुडघ्यावर बसून लुसर्नच्या गाठीतून मूठभर गवत उपसत होत्या. मेथीची जुडी बघावी तसं उलटसुलट करून बघितलं, नाकाशी नेलं आणि शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "हेच घेऊ गं. कसं हिरवंगार आहे!"

मी मागे पोती लावत होतो. हातातलं पोतं तसंच टाकलं. ऑस्ट्रेलियातल्या डँडेनॉन्गच्या त्या दुकानात तोवर मराठी शब्द माझ्या कानावर पडला नव्हता.

"ते नका घेऊ, ताई."

बाई दचकल्या. मग अशा हसल्या की काउंटरवरून माझा बॉस नॉर्म मान लांब करून बघायला लागला.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. बायको इथे नर्स म्हणून आली, तिच्या मागून मी. शिक्षण चौथीपर्यंत. पण वसईला आमच्या बापाची गवताची वखार होती, मुंबईच्या तबेल्यांना आमचा माल जायचा. गवतातलं मला कुणी शिकवायचं कारण नाही. नॉर्मच्या प्रोड्यूस स्टोअरमध्ये, म्हणजे जनावरांच्या खाण्याच्या दुकानात, मी त्याच जोरावर लागलो.

नावगाव विचारून झालं. बाई पुण्याच्या, शैलाताई. नवरा जवळच्या कारखान्यात इंजिनीअर. मुलगी रश्मी, आठेक वर्षांची. तिचे दोन गिनी पिग, गुंड्या आणि टॉफी.

"पिल्लं आहेत का अजून?" मी विचारलं.

"नो, दे आर ग्रोन अप," रश्मी म्हणाली.

"मग लुसर्न रोज नको. आपली लसूणघास ती, दुभत्या म्हशीची. मोठ्या गिनी पिगला रोज घातली तर आपण रोज शिरा खाल्ल्यासारखं होतं. मुतखडा धरतो. ओटन हे न्या."

इंग्रजीत 'हे' म्हणजे वाळलं गवत. ओटन हे म्हणजे ओट्सचं पीक दाणा पक्का व्हायच्या आत कापून वाळवलेलं. दिसायला फिकट, म्हणून लोक नाक मुरडतात. मी ताईंना पारख दाखवली. मूठभर घ्यायचं, उन्हाच्या तिरिपेत झटकायचं. धुरासारखी धूळ उडाली तर परत ठेवायचं. वास गोडसर हवा. कोंदट आला तर फुकटसुद्धा घ्यायचं नाही.

"किती बिस्किटं देऊ?"

"बिस्किटं नकोत हो इनासभाऊ, गवतच द्या."

गाठ सोडली की गवत थरांनी सुटतं, वड्या पाडल्यासारखं. त्या एका थराला इथले लोक बिस्किट म्हणतात. मी सांगितल्यावर मायलेकी पोट धरून हसल्या.

ताईंना अख्खी गाठ हवी होती. मी म्हणालो, "दर आठवड्याला पिशवी न्या. माल या मोसमाचा नवा आहे, आत ओल असते."

"आम्ही वर्षाचं धान्य एकदम भरणारी माणसं. तुम्ही फक्त कसं ठेवायचं ते सांगा."

"शेडमध्ये ठेवा. पाऊस लागू देऊ नका. झाकून ठेवा."

गोऱ्या गिऱ्हाइकांना मी नॉर्मने पढवलेलं वाक्य म्हणायचो, कीप इट कव्हर्ड, लेट इट ब्रीद. झाका, पण वारा लागू द्या. मराठीत हे कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. वसईत शेंबड्या पोरालाही ते ठाऊक.

पुढचे काही शनिवार ताई नुसत्या बोलायला आल्या. एकदा चकल्या आणल्या. मी नॉर्मला एकच दिली. शनिवार आला की मी इस्त्रीचा शर्ट घालायला लागलो. बायको म्हणायची, "गवत विकायला जाता की लग्नाला?"

ख्रिसमसच्या जरा आधी ताई आल्या त्या हसल्या नाहीत. काउंटरवर पिशवी ठेवली. मी हात घातला. गवत करडं पडलेलं, एकमेकांत चिकटलेलं. वास माझ्या तोंडावरच आला.

"कशात ठेवलं होतं?"

"पत्र्याच्या ड्रममध्ये. धुऊन, कडक वाळवून. दाबून भरलं, घट्ट झाकण लावलं. कडुनिंबाचा पाला मिळाला नाही म्हणून तमालपत्र घातलं."

पत्र्याची शेड, डिसेंबरचं ऊन, आत नवं गवत. ओल कुठे जाणार? गवत घामेजलं, बुरसलं.

"गुंड्या गेला," ताई म्हणाल्या. "व्हेट म्हणाला, बुरशीने छाती भरली. टॉफीपण शिंकतेय."

"अहो, झाकण कशाला लावलंत?"

"तुम्हीच म्हणालात झाकून ठेवा!"

"झाकून म्हणजे वर पोतं टाकून! झाकण लावून नव्हे!"

"आमच्याकडे झाकून म्हणजे झाकण लावूनच. दूध झाकतो, आमटी झाकतो. पोतं टाकतो का आम्ही आमटीवर?"

"गवत म्हणजे आमटी आहे का?"

नॉर्म जवळ आला. "व्हॉट्स शी सेइंग, मेट?"

"आय टोल्ड हर, कीप इट कव्हर्ड."

"वेल, शी डिड," नॉर्म म्हणाला आणि आतून ताज्या गवताची पिशवी आणायला गेला.

रश्मीने वर बघितलं. "डिड द हे किल हिम, अंकल?"

मी बुरसलेलं गवत परत पिशवीत भरत राहिलो. ताईंनी नॉर्मला थँक्यू म्हटलं, मला काही नाही. पोरीचा हात धरून गेल्या.

शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. त्या शनिवारी आल्या नाहीत, पुढेही नाही. नॉर्म म्हणाला, "फोन करून टॉफीची चौकशी कर." गाठ दुकानाच्या गाडीने घरपोच गेली होती, म्हणून पत्ता आणि नंबर दुकानात होता. मी म्हणालो, मी चुकीचं काही सांगितलेलं नाही. आजही तेच म्हणेन. पण टॉफी जगली की नाही, हे मला अजून माहीत नाही.

वखारीत गंजी रचून झाली की माझी आई एक शब्द वापरायची. तो मला आठवला, पण महिन्याभराने, पोती घडी करताना. ती झाका म्हणायचीच नाही. म्हणायची, "गवतावर पांघरूण घाल रे."

पांघरुणात जीव गुदमरत नाही. एवढा एक शब्द त्या दिवशी तोंडात आला असता तर बरं झालं असतं. नंतर गाठ नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एक रिकामं पोतं बरोबर द्यायचो आणि हाताने पसरून दाखवायचो. तोंडाने काही सांगायचो नाही.