ह्यांची लाडकी सिस्टीम

शारजात रोल्लाजवळच्या एका ट्रेडिंग कंपनीत आम्ही दोघंही नोकरीला होतो. मी अकाउंट्सला, आमचे हे कॉम्प्युटर सांभाळायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोन बड्या अमेरिकन कंपन्यांनी मिळून पीसीसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायला घेतली होती आणि मधेच त्यांचं फाटलं. एकीने आपली वेगळी सिस्टीम बाजारात आणली, ती धडाधड खपली. दुसरी मात्र ती जुनी, दोघींची म्हणून सुरू झालेली सिस्टीमच एकटीने रेटत राहिली, आणि आमच्या ह्यांनी ऑफिसात नेमकी तीच बसवली. का? तर म्हणे मधेच बंद पडत नाही. बघाच, हीच जिंकेल, असं सगळ्यांना सांगून बसले होते.

आणि खरंच बंद पडायची नाही हो! पण नवा प्रिंटर आणला की तो हिच्याशी बोलेना, नवं सॉफ्टवेअर आणलं की ते हिच्यावर चालेना. बिलं छापायला मी शेजारच्या ऑफिसात पळायचे आणि घरी येऊन भांडायचे, "अहो, सोडा ना आता ते खूळ!"

"थांब गं, सुधारतील ते," ह्यांचं ठरलेलं उत्तर.

शेवटी मॅनेजर, मल्याळी होता, तसा भला माणूस, त्यानेच फर्मान काढलं. "खलास. सबके पास जो है, वही डालो." ह्यांनी मुकाट्याने नवी सिस्टीम घातली. घास उतरत नव्हता त्यांना. जीव तुटायचा माझा.

पहिल्याच दिवशी सगळे जमलेले, मॅनेजर स्वतः इनव्हॉइस काढायला बसला, आणि पडदा निळा! मशीन ठप्प, सगळं काम गेलं. मी मनात म्हटलं, बरी जिरली मॅनेजरची.

मॅनेजर ह्यांच्याकडे वळला. "भाई, तुम सही थे. तुम्हारा वाला वापस डालें?"

हेच ऐकायला तर आसुसले होते हे. आणि म्हणाले काय? "नहीं सर, यही रहने दो. मैं सँभाल लूँगा."

गाडीत बसल्याबरोबर माझा संयम सुटला. "अहो, तोंडाला कुलूप लागलं होतं का? तो आपणहून विचारत होता!"

ह्यांनी गाडी सुरूच केली नाही. "अगं, माझ्या त्या सिस्टीमवरून बनवणाऱ्यांनीच हात काढून घेतलाय. आईबापांनी टाकलेलं पोर ते. मी एकटा कुठवर सांभाळू?" म्हणाले, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडले.