अक्काची विहीर आणि माझा साडू

माझ्या साडूने जन्मात कुठलीही गोष्ट ठोकून पाहिल्याशिवाय खरी मानलेली नाही. कलिंगड सगळेच ठोकतात. हा चिकपेटेच्या बाजारात दुकानदारासमोर लोखंडी कपाटं ठोकतो. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा नमस्काराला वाकला आणि तसाच उकिडवा बसून फरशी वाजवू लागला. इंदिरानगरातल्या एका कचेरीत तो कॉम्प्युटरवर जमिनीच्या पोटातली चित्रं काढतो. पद्धत त्याने मला इडली खाता खाता समजावली. वर घण मारायचा, हादरे मोजायचे. आत काय असेल याचा अंदाज धरायचा, तसं असतं तर हादरे कसे आले असते ते काढायचं, आणि खऱ्याशी जुळेपर्यंत अंदाज सुधारत राहायचं. बायकोच्या रागाचं कारणही तो असंच शोधतो. पाचव्या अंदाजाला सापडतं म्हणे.

गेल्या वर्षी मागच्या अंगणात लेकीसाठी दोन खोल्या बांधायचं ठरलं. माझी थोरली बहीण अक्का ऐंशीची, कानाने अधू. तिने एकच धोशा लावला, "तिथं विहीर होती रे. मी पाणी ओढलंय." माझ्या जन्माआधीची गोष्ट. मी हसण्यावारी नेलं. साडूने मात्र रविवारी अंगणात ओळीने यंत्रं खोचली आणि जाड लोखंडी पत्र्यावर असे घण घातले की शेजारीपाजारी कुंपणाशी जमले. आठवड्याने चित्र आलं: सगळी घट्ट माती. हल्ली अक्का नावं विसरायची, तेव्हा हेही वयामुळेच, असं मी तिच्या तोंडावर म्हणालो. त्या दिवसापासून तिने विहिरीचं नाव काढलं नाही.

पाया खणायच्या आदल्या सकाळी साडू दारात उभा. चेहरा पांढराफटक.

"अण्णा, माझा पहिला अंदाजच चुकला. इथे काही नाही, हे मी तुमचं ऐकून धरलं होतं. सुरुवातच खऱ्यापासून इतकी लांब असली की कॉम्प्युटर भलतीकडेच जुळवून मोकळा होतो."

तो आत जाऊन अक्कासमोर खाली बसला आणि मोठ्याने म्हणाला, "अक्का, कुठे होती, दाखवता?"

अक्का काठी टेकत अंगणात गेली, नऊ पावलं मोजून थांबली. "इथं. रहाट स्वल्प डावीकडं."

तिथे विहीर आहे असं धरून त्याने कॉम्प्युटरवर पुन्हा सुरुवात केली. संध्याकाळी चित्रात, नेमक्या नव्या खोल्यांच्या मधल्या खांबाच्या जागी, काळा गोल उमटला. मी लगेच गवंड्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने जपून पहार घातली. हातभर माती, खाली कुजक्या फळ्या, आणि पहार त्याच्या हातातून निसटून खाली गेली. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला.

पायरीवर बसलेल्या अक्काला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. तिने साडूला विचारलं, "पाणी आहे का रे अजून?"

साडूने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "आहे, अक्का. भरपूर आहे."

"सरी, बरं झालं," म्हणून ती समाधानाने आत गेली. खालचा आवाज कोरडा होता. तो आम्ही दोघांनीही नीट ऐकला होता.